गुरुवारची झोप

माझ्या सासूबाई दर गुरुवारी दुपारी आरे कॉलनीत जातात, हे मला तीन वर्षं माहीत होतं. तिथे जाऊन त्या काय करतात ते माहीत नव्हतं. आणि मला एवढंही माहीत आहे, याचा त्यांना पत्ता नव्हता.

त्यांचं नाव इरावती. वय तेव्हा बासष्ट. टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडणारी ऑपरेटर म्हणून लागल्या आणि खुर्च्या बदलत बदलत तिथूनच निवृत्त झाल्या. मुलुंड पूर्वेला आमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर, त्यात त्या, माझा नवरा यज्ञेश आणि मी. सासरे गेले त्याला आता चार वर्षं झाली. ते गेल्यावर महिनाभरातच आई न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. हाडबिड मोडलं नाही, पण यज्ञेश इतका घाबरला की त्याच संध्याकाळी त्याने त्यांच्या फोनवर 'सांगाती' टाकलं.

'सांगाती' हे आमच्याच कंपनीचं अॅप. अंधेरीला, एमआयडीसीत ऑफिस. घरातली म्हातारी माणसं कुठे आहेत ते मुलांना नकाशावर दिसावं, एवढंच त्याचं काम. मी तिथे डेटाच्या टीममध्ये होते. यज्ञेशने आईंना फोनवरचं लाल बटण दाखवलं आणि म्हणाला, "काही झालं तर हे दाब, आम्हाला लगेच कळेल." ते खरंच होतं. बटण न दाबताही सगळं कळतं, हे त्याने सांगितलं नाही. मी शेजारीच उभी होते. मीही सांगितलं नाही. आई म्हणाल्या, "बरं झालं रे," आणि फोन पर्समध्ये टाकला.

पुढे माझी सवय झाली. गुरुवारी दोनच्या सुमाराला मी डबा उघडायचे आणि समोर नकाशा. आईंचा निळा ठिपका पवईपर्यंत यायचा, तिथे बस बदलायचा आणि मग आरेच्या रस्त्याला लागायचा. त्या रस्त्यावर नकाशात दोन्ही बाजूंना नुसतं हिरवं आहे. ना दुकानांची नावं, ना इमारती. ठिपका त्या हिरव्यात शिरला की एकदम हळू व्हायचा. तळ्यात पान तरंगत जावं तसा. मग एका जागी थांबायचा. तास, सव्वा तास. पुन्हा निघायचा आणि साडेपाचला मुलुंडला.

घरी विचारलं तर आई म्हणायच्या, "भजनाला गेले होते."

मी यज्ञेशला कधी बोलले नाही. तो नकाशा फार उघडतही नसे. ठिपका आहे, एवढ्यानेच त्याला बरं वाटायचं. मला मात्र ती सव्वा तासाची स्तब्धता आवडायला लागली होती. ऑफिसातला एसी, फोन, मीटिंगा, आणि त्या सगळ्याच्या मधोमध पडद्यावरच्या एवढ्याशा चौकटीत एक माणूस हिरव्यात स्वस्थ थांबलेलं. आपण चोरून बघतोय असं तेव्हा वाटलं नाही. सोबत करतोय असंच वाटायचं.

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या प्रॉडक्टचा प्रमुख सुशांत याने मला एक यादी दिली. साडेचारशे ओळी. मुंबईच्या उपनगरांतले साठीच्या पुढचे लोक, जे ठरावीक दिवशी ठरावीक जागी थांबतात, आणि त्या जागेला काही अर्थ लागत नाही. देऊळ नाही, दवाखाना नाही, नातेवाईक नाहीत, बाजार नाही. सुशांतने त्याला नाव दिलं होतं 'असामान्य थांबे'.

"तू प्रत्येकाचा अंदाज कर," तो म्हणाला. "विसरभोळेपणा, एकटेपणा, जुगार, लफडं, जे वाटेल ते. मग मशीन त्यावरून शिकेल. उद्या कुणाची आई अशी कुठे थांबली की मुलाला आपोआप मेसेज जाईल. एका विमा कंपनीलाही यात इंटरेस्ट आहे."

"विमा कंपनीला कशाला?"

"अगं, विसरायला लागलेलं माणूस त्यांना आधी कळलं तर बरं नाही का?"

मी यादी उघडली. नावं नव्हती. वय, बाई की पुरुष, आणि जागा. घाटकोपरचे एक्काहत्तर वर्षांचे गृहस्थ रोज सकाळी चाळीस मिनिटं एका बंद पडलेल्या पोस्टाच्या पायऱ्यांवर. बोरिवलीची एक बाई एकाच गल्लीला तीन फेऱ्या मारून परत. मानखुर्दचा एक माणूस दर रविवारी पूर्वेकडच्या खाडीच्या काठाला जायचा आणि भरती ओसरेपर्यंत थांबायचा. ओहोटीची वेळ दर आठवड्याला सरकते, त्याचं परतणंही तसंच सरकलेलं. कांजूरमार्गला मिठागरांच्या कडेला दोन वेगवेगळ्या घरांतले दोन ठिपके, बुधवारी, शंभर पावलांच्या अंतरावर. कधी जवळ आले नाहीत, कधी एकमेकांना चुकलेही नाहीत.

मी सकाळपासून वाचत राहिले. पडद्यावर सगळं शहर पाण्याखाली गेल्यासारखं दिसायला लागलं आणि त्यात ही साडेचारशे माणसं आपापल्या जागी शांत उभी. प्रत्येक ओळीच्या पुढे एक रिकामा रकाना होता: कारण. मला एकही भरवेना.

तीनशे बाराव्या ओळीवर बासष्ट वर्षांची बाई होती, मुलुंड पूर्व, गुरुवार, आरे.

तो दिवसही गुरुवारच होता. मी नकाशा उघडला. ठिपका नेहमीच्या जागी थांबला होता. आज लवकरच, पाऊण वाजल्यापासून. घड्याळात साडेतीन. पावणेतीन तास आई हलल्या नव्हत्या. फोन केला, वाजत राहिला. पुन्हा केला, तेच. यज्ञेशला सांगितलं असतं तर त्याने पोलिसांपर्यंत नेलं असतं. मी पर्स उचलली आणि खाली येऊन रिक्षा धरली.

ऑफिस मरोळला, तिथून आरे लांब नाही. रिक्षा झाडांत शिरली तसा वाऱ्याला शेणाचा, सुकलेल्या गवताचा वास आला. गोठ्यांची लांब कौलारू छपरं मागे गेली. मग एका कच्च्या वाटेपाशी मी उतरले आणि हातातल्या फोनवरच्या ठिपक्याकडे बघत चालत गेले. दहा-बारा घरांचा पाडा. एका घराच्या मागे मोठं उंबराचं झाड, त्याच्या खाली बाज, आणि बाजेवर आई.

मी धावणार, एवढ्यात घराच्या दारातून एक म्हातारी बाई उठली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं.

"निजलीय ती," ती हळूच म्हणाली. "नको उठवू."

ती सोनूबाई. पाड्यातली. मुलुंडच्या बाजारात भाजीची टोपली घेऊन बसायची. सासरे गेल्यानंतर एकदा मेथी घेता घेता आईंना तिच्यासमोरच भोवळ आली होती. तिने पाणी दिलं, सावलीला बसवलं आणि विचारलं, रात्री झोपत नाहीस का? आई म्हणाल्या होत्या, नाही. तर ही म्हणाली, माझ्याकडं ये, झाड आहे.

"एवढंच?" मी विचारलं.

"मग आणखी काय पायजे?" सोनूबाई म्हणाली. "येते, चहा घेते, निजते. आज लई गाढ लागलीय. कालची जागी होती म्हणली."

मी जोत्यावर बसले. झाडावरून एखादं उंबर टपकन पडायचं. एक पिवळं कुत्रं माझ्या चपला हुंगून गेलं. आईंच्या अंगावरून उन्हाचे कवडसे सरकत होते, आणि त्या तोंड किंचित उघडं टाकून, एक हात बाजेवरून खाली सोडून झोपल्या होत्या. घरी त्यांना मी असं कधी बघितलं नव्हतं. घरी मी पाणी प्यायला उठले की त्यांच्या खोलीत पंख्याखाली त्यांचे डोळे उघडेच असायचे. इथे त्यांचा चेहरा सुटा झाला होता. लहान मुलाच्या मुठीतून खेळणं गळून पडावं तसं त्यावरून काहीतरी गळून पडलं होतं. मलाही डुलकी आली असावी, कारण पुढचं मला आठवतं ते त्यांचा आवाज.

"ऋता? तू इथे कशी?"

त्या उठून बसल्या होत्या. मी खोटं बोलू शकले असते. पण हातात फोन होता आणि त्यावर आम्ही दोघी एकाच ठिकाणी दिसत होतो.

"तुमच्या फोनमुळे, आई," मी म्हणाले. "त्या अॅपमध्ये तुम्ही कुठे आहात ते दिसतं. नेहमी. बटण दाबलं नाही तरी."

त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तीन वर्षं."

"म्हणजे प्रत्येक गुरुवार?"

"हो."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर सारखा केला, केस मागे घेतले, पाय बाजेखाली घेऊन चपला शोधल्या. परक्या माणसासमोर झोपेतून उठलेली बाई सावरते तसं. सोनूबाईने चहा आणला तो आम्ही प्यायलो. निघताना आई म्हणाल्या, "आणि भजन म्हटलं की तू मान डोलवायचीस." बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. मुलुंड येईपर्यंत बाहेर बघत होत्या.

घरी त्यांनी यज्ञेशसमोर फोन टेबलावर ठेवला. "हे काढ," म्हणाल्या.

यज्ञेशला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा तो माझ्यावर भडकला. "तुला माहीत होतं आणि तू मला बोलली नाहीस?" मग आईकडे वळला. "आई, जंगलात जाऊन झोपतेस तू? बिबटे आहेत तिथे! काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर झालं असतं."

"असं नको ना बोलू यार! अगं, हल्ली लपून काय राहतं? सरकारकडे सगळं आहे, बँकेकडे आहे, फोनवाल्यांकडे आहे. सगळ्या जगाला तू कुठे आहेस ते कळतं. मुलाला कळलं तर काय बिघडलं?"

आई खुर्चीवर बसल्या. शांतपणे म्हणाल्या, "मी एक्स्चेंजला होते तेव्हा रोज शंभर-दीडशे कॉल जोडायचे. रत्नागिरी, नागपूर, इंदूर. दोन्हीकडून हॅलो ऐकू आलं की बटण वर करायचं आणि आपला कान काढून घ्यायचा. माणसं काय काय बोलत असतील. पोरगी पळाली, बाप गेला, नोकरी लागली. मी एक सेकंद बटण खाली ठेवलं असतं तर कुणाला कळणार होतं?"

"मग कायदा होताच ना तेव्हा."

"होता. कुठेतरी कपाटात. बटण माझ्या बोटाखाली होतं." मग त्यांनी फोन त्याच्याकडे सरकवला. "तू माझी काळजी करतोस ते मला दिसतं रे. पण मला विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतं कदाचित. विचारलं नाहीस म्हणून वाईट वाटतंय."

यज्ञेश उठून गॅलरीत गेला. आत आला तेव्हा त्याने फोन घेतला आणि अॅप काढून टाकलं. तोंडाने मात्र कबूल झाला नाही. "माझं मत बदललेलं नाहीये," एवढं म्हणाला.

पुढच्या गुरुवारी आई गेल्या आणि लवकर परतल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. तिसऱ्या गुरुवारी गेल्याच नाहीत. मी त्यांच्या खोलीत गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"झोप नाही लागत आता तिथे," त्या म्हणाल्या. "बाज तीच, झाड तेच. पण डोळा मिटला की वाटतं, वरून कुणीतरी बघतंय. अॅप नाही, माहीत आहे मला. तरी."

मी त्यांच्या शेजारी बसले. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. झाडाखाली झोप लागली की त्यांना एक्स्चेंजची ती लांब खोली दिसायची. बोर्डावरचे सगळे दिवे विझलेले. कुठून कॉल नाही, कुणाला घाई नाही. आणि पलीकडच्या स्टुलावर सासरे पेपर वाचत बसलेले. ते कधी वर बघायचे नाहीत. पान उलटल्याचा तेवढा आवाज यायचा.

"तेवढ्यासाठी जायचे गं," त्या म्हणाल्या. "दुसरं काही नाही."

मी खूप रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

त्याच दिवसांत वैयक्तिक माहितीच्या कायद्याचे नियम मसुद्याच्या रूपात आले होते आणि सरकारने लोकांकडून हरकती, सूचना मागवल्या होत्या. ऑफिसात त्याबद्दल एक मेल फिरली होती, वकील बघतील म्हणून. मी घरी लॅपटॉप उघडला आणि आईंना म्हणाले, आपण लिहू या. त्या आधी हसल्या. मग चष्मा लावून बसल्या. यज्ञेश पेपर वाचल्याचं सोंग करत ऐकत होता.

आम्ही मराठीतच लिहिलं. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याला त्याच्या भाषेत, तोंडावर विचारलं पाहिजे, मुलाला विचारून भागणार नाही. एकदा विचारून पुरणार नाही, दर काही महिन्यांनी आठवण दिली पाहिजे. माणूस कुठे थांबतो यावरून त्याच्या मनात काय आहे याचा अंदाज विकायला बंदी हवी. शेवटचं वाक्य आईंनी सांगितलं आणि मी जसंच्या तसं टाइप केलं: "आम्ही काही लपवत नाही, तरीही आम्हाला एकटं राहू द्यावं."

"हे कोण वाचणार आहे?" यज्ञेश म्हणाला.

"वाचेल कुणीतरी," आई म्हणाल्या. "नाहीतर नाही वाचणार."

पोहोचल्याची पावती आपोआप आली. त्यापुढे काही आलं नाही.

ऑफिसात मी सुशांतला यादी परत दिली. कारणाचा रकाना कोरा. तो चिडला नाही, त्याला खरंच आश्चर्य वाटलं. मी म्हटलं, आधी या लोकांना विचारा.

"विचारलं तर अर्धे नाही म्हणतील," तो म्हणाला.

"म्हणजे अर्ध्यांचं उत्तर नाही असं आहे."

"ऋता, यातल्या दहा जणांना खरंच विसरण्याचा आजार असेल. ते हरवले तर? त्यांच्या मुलांना तू काय सांगशील?"

त्याचं तेही खरं होतं. पूर्ण उत्तर मला अजूनही देता येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर बंद पोस्टाच्या पायऱ्यांवरचे ते गृहस्थ होते. ते हरवलेले असतील किंवा फक्त बसलेले असतील, आणि ते त्यांना विचारल्याशिवाय कळणार नव्हतं. मी तेवढंच म्हटलं. यादी दुसऱ्या कुणाकडे गेली. त्या माणसाने ती चार दिवसांत भरली. उन्हाळ्यात ते मेसेज सुरू झाले. विमा कंपनीचं सध्या थांबवलंय, असं कानावर आलं. मी तोवर नोकरी सोडली होती. आता घाटकोपरला एका लहान कंपनीत शाळांची वेळापत्रकं लावायचं सॉफ्टवेअर बनवते. पगार कमी आहे. दुपारी डबा खाताना समोर भिंत असते.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी आई जेवण आटपून, साडी बदलून बाहेर आल्या. फोन चार्जरला लावून तिथेच ठेवला.

"येते," म्हणाल्या.

मी घरीच होते त्या दिवशी. तोंडावर आलं होतं, कुठे? मी म्हटलं, "या."

साडेपाच वाजले, सहा वाजले. यज्ञेश ऑफिसातून आला, त्याने चार्जरवरचा फोन बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो गॅलरीत गेला, आत आला, पुन्हा गेला. मीही बाहेर जाऊन उभी राहिले. समोरच्या इमारतीत दिवे लागत होते. खाली मुलांचं क्रिकेट संपत आलं होतं.

"सोनूबाईला फोन करू?" तो म्हणाला.

"त्या आरेलाच गेल्या असतील असं कुठे आहे?"

"मग कुठे गेली असेल?"

"मला माहीत नाही रे. खरंच नाही माहीत."

तो माझ्याजवळ येऊन कठड्याला टेकला. म्हणाला, "लहानपणी आई ड्यूटीवर गेली की मला असंच व्हायचं. अण्णा म्हणायचे, येईल ती. बस. एवढंच म्हणायचे." अण्णा म्हणजे त्याचे वडील. ते गेल्यापासून यज्ञेशने त्यांचं काही बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी त्याचा हात धरला. आकाश तांबूस होऊन मग राखाडी होत गेलं आणि आम्ही दोघं कशाचाच अंदाज न करता उभे राहिलो. ते सोपं नव्हतं. पण मधेच थोडा वेळ असा आला की भीती तरंगत तरंगत लांब गेली आणि नुसती संध्याकाळ उरली.

पावणेसातला दार वाजलं. आई आत आल्या, चपला काढल्या, हातपाय धुतले. डोळे जरा सुजलेले होते, गाढ झोपून उठल्यासारखे. त्यांच्या साडीला ओल्या मिठाचा, चिखलाचा वास येत होता. असा वास मुलुंडच्या आसपास नेमका कुठे येतो, हे माझ्या डोक्यात आपोआप जुळायला लागलं. एक जागा, मग दुसरी.

मी ते तिथेच सोडून दिलं आणि ताटं मांडायला घेतली.